खेळ थांबवणार कोण?

वीज पडून माणूस दगावला की आपला समाज त्या मृत्यूपुढे हात जोडतो आणि गप्प बसतो. रस्त्यावर अपघात झाला तर वाहनचालकाला जाब विचारला जातो, पूल कोसळला तर कंत्राटदाराला आणि अभियंत्याला. परंतु आकाशातून आलेल्या मृत्यूबद्दल जाब विचारावयाचा कोणाला, असे म्हणून विषय तेथेच संपवला जातो. 'दैवगती' हा एक शब्द उच्चारला की पंचनाम्याचा कागद पुरा होतो आणि आपले मनही निश्चिंत होते. भर पावसात शेतात राबणाऱ्या माणसाच्या बाबतीत ही भाषा काही अंशी समजण्याजोगी आहे. परंतु मैदानावर खेळताना, समुद्रकिनाऱ्यावर हिंडताना किंवा गडाच्या बुरुजावर छायाचित्र काढताना जे लोक विजेला बळी पडतात, त्यांच्याविषयी 'दैव' हा शब्द वापरण्यापूर्वी क्षणभर थांबावे असे आम्हांला वाटते. कारण या मृत्यूंच्या आधी बहुतेक वेळा काही मिनिटे अशी गेलेली असतात की ज्यांत कोणीतरी 'थांबा' म्हणावयास हवे होते आणि ते कोणी म्हटलेले नसते, किंवा फार उशिरा म्हटलेले असते.

प्रश्न किती मोठा आहे, हे प्रथम पाहू. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात नैसर्गिक कारणांनी ८,०६० माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतील २,८८७ जणांचा बळी एकट्या विजेने घेतला. पूर, दरडी, उष्माघात यांच्या बातम्या आपण मोठ्या अक्षरांत वाचतो. पण नैसर्गिक कारणांनी मरणाऱ्या दर तिघांत एकाहून अधिक माणसे विजेने मरतात, हे आपल्या ध्यानीही येत नाही. दिवसाला सरासरी आठ माणसे, पण एका ठिकाणी एक, दुसऱ्या ठिकाणी दोन अशी विखुरलेली. त्यामुळे त्यांची मोठी बातमी होत नाही. यांतील बहुसंख्य शेतकरी, शेतमजूर आणि गुराखी असतात हे खरे. खेळाडू आणि सहलीला गेलेले लोक त्या मानाने थोडे. तरीही आज आम्ही या थोड्यांविषयीच लिहीत आहोत, आणि त्याला कारण आहे. शेतकऱ्याला लावणीचा दिवस टळला तर वर्षाचे पोट मारावे लागते. खेळाडूला मात्र अर्धा तास थांबल्याने काहीही गमवावे लागत नाही. म्हणजे टाळता येण्यासारख्या मृत्यूंत हे सर्वांत सहज टाळता येण्यासारखे मृत्यू आहेत. जे सहज टाळता येते तेही आपण टाळत नसलो, तर कठीण ते काय टाळणार?

काही घटना वाचकांच्या स्मरणात असतील. ११ जुलै २०२१ रोजी जयपूरजवळ आमेरच्या किल्ल्यासमोरील टेकडीवर, टेहळणीच्या मनोऱ्यावर पावसाची मौज पाहण्यासाठी गर्दी जमली होती. लोक मोबाइलवर आपली छायाचित्रे काढीत होते. वीज कोसळली आणि किमान अकरा जण ठार झाले. १० फेब्रुवारी २०२४ रोजी इंडोनेशियात बांडुंग येथील सिलिवांगी मैदानावर एका मैत्रीपूर्ण फुटबॉल सामन्यात चालत्या खेळात एका खेळाडूवर वीज पडली. रुग्णालयात नेल्यावर त्याचे निधन झाले. त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला पेरू देशात उआनकायो शहरानजीक चिल्का येथे फुटबॉलचा सामना चालू होता. वादळ आलेले पाहून पंचाने खेळ थांबवला, खेळाडू मैदानाबाहेर चालू लागले, आणि नेमक्या त्या वेळी वीज पडली. एक खेळाडू ठार झाला, आणखी काही जखमी झाले. या शेवटच्या घटनेकडे आम्ही वाचकांचे विशेष लक्ष वेधू इच्छितो. त्या पंचाने खेळ थांबवला होता. त्याचा निर्णय योग्यच होता. पण निर्णय आणि सुरक्षित छप्पर यांच्यामध्ये जेवढे अंतर होते तेवढा वेळ त्याच्या हाती उरला नव्हता.

याच्या उलट एक चित्र पाहा. २८ जून २०२५ रोजी अमेरिकेतील शार्लट शहरात फुटबॉलच्या जागतिक क्लब स्पर्धेत चेल्सी आणि बेन्फिका यांचा सामना चालू होता. चेल्सी एका गोलने पुढे होता आणि सामना संपावयास जेमतेम काही मिनिटे उरली होती. परिसरात विजा चमकू लागल्याबरोबर खेळ थांबवण्यात आला. खेळाडू आत गेले आणि उघड्यावरच्या प्रेक्षकांनाही आडोशाला जाण्यास सांगण्यात आले. सुमारे दोन तासांनी सामना पुन्हा सुरू झाला, बेन्फिकाने बरोबरी साधली आणि अखेर जादा वेळेत चेल्सीने तो ४-१ असा जिंकला. एवढ्या मोठ्या स्पर्धेत, एवढा पैसा गुंतलेला असताना, शेवटच्या चार-पाच मिनिटांसाठी दोन तास थांबावे लागले म्हणून अनेकांनी नाके मुरडली. पण तेथील नियम स्वच्छ आहे. मैदानापासून सुमारे आठ मैलांच्या आत वीज पडली की खेळ थांबलाच पाहिजे, आणि शेवटच्या विजेपासून अर्धा तास शांततेत गेल्याशिवाय तो सुरू करता येत नाही. मध्ये आणखी एक वीज चमकली की अर्धा तास पुन्हा पहिल्यापासून मोजावयाचा. या नियमात शौर्याला वाव नाही, अंदाजाला वाव नाही आणि भिडेलाही नाही. म्हणूनच तो पाळला जातो.

हे शहाणपण त्या देशालाही फुकट मिळालेले नाही. १९९१ च्या जूनमध्ये मिनेसोटातील हेझलटिन येथे अमेरिकन ओपन गोल्फ स्पर्धा चालू असताना वादळ आले. झाडाखाली आश्रयाला उभ्या राहिलेल्या सहा प्रेक्षकांवर विजेचा आघात झाला आणि त्यांतील एक दगावला. पुढे दोन महिन्यांच्या आत इंडियानातील दुसऱ्या एका मोठ्या गोल्फ स्पर्धेत आणखी एका प्रेक्षकाचा वीज पडून मृत्यू झाला. आज गोल्फच्या नियमांत एक तरतूद अशी आहे की जी आम्हांला फार अर्थपूर्ण वाटते. विजेचा धोका आहे असे खेळाडूला रास्तपणे वाटले तर आयोजकांच्या परवानगीची वाट न पाहता तो स्वतः खेळ थांबवू शकतो. मागाहून त्याने समितीला कळवावयाचे, एवढेच. अमेरिकेच्या हवामान खात्याने २००१ पासून विजेच्या सुरक्षिततेविषयी लोकशिक्षणाची मोहीम चालवली आहे. एके काळी, १९४० च्या दशकात, त्या देशात वर्षाला तीन-चारशे माणसे विजेने मरत. अलीकडे ही संख्या बहुतेक वर्षी तिसाच्या खालीच राहते. शेतीवरची माणसे कमी झाली, घरे पक्की झाली, वैद्यकीय मदत सुधारली, ही कारणे त्यामागे आहेतच. पण गडगडाट ऐकताच घरात जावयाचे ही सवय लोकांना लावली गेली, हेही एक कारण आहे. आणि आता तेथे विजेने जे मरतात त्यांतील सुमारे दोनतृतीयांश लोक करमणुकीच्या कामात गुंतलेले असताना मरतात. त्यांत पहिला क्रमांक गोल्फ खेळणाऱ्यांचा असेल असे कोणालाही वाटेल. पण तो आहे हौसेने मासे धरणाऱ्यांचा, आणि त्यांच्या पाठोपाठ समुद्रकिनाऱ्यावर गेलेल्यांचा नंबर लागतो. पाण्याच्या काठी राहणाऱ्या आम्हां गोमंतकीयांनी हे वाक्य दोनदा वाचावे.

कारण आमचा सारा प्रदेश मैदाने आणि पाणी यांचाच बनलेला आहे. आपल्याकडे विजांचा खरा काळ आषाढ-श्रावणातील संततधारेचा नव्हे. त्या दिवसांत पाऊस पुष्कळ, पण किनारपट्टीवर विजा त्या मानाने कमी. विजांचे दिवस दोन: एक वैशाखाच्या अखेरीस, वळीव सुरू होतो तेव्हापासून मृगापर्यंतचा, आणि दुसरा उत्तरा, हस्त, चित्रा या नक्षत्रांत परतीचा पाऊस गडगडत येतो तो. या दोन्ही काळांत दुपारच्या उन्हाने सह्याद्रीच्या माथ्यावर ढग उभे राहतात आणि पूर्वेच्या वाऱ्याबरोबर तिसऱ्या प्रहरी किंवा तिन्हीसांजेला घाट उतरून किनाऱ्याकडे सरकतात. आता हे दिवस आणि ही वेळ आमच्या जीवनक्रमात कशी बसते ते पाहा. मे महिना म्हणजे शाळांच्या सुट्टीचा, चाकरमानी गावी येण्याचा, कापणी झालेल्या शेतांत आणि सड्यांवर टेनिस चेंडूच्या क्रिकेट स्पर्धा भरण्याचा. ऑक्टोबर म्हणजे फुटबॉलचा हंगाम रंगात येण्याचा, पर्यटक परतण्याचा, किनाऱ्यावर पुन्हा शॅक उभे राहण्याचा. आणि सामन्याची वेळ कोणती? दुपारी चार ते साडेसहा. सासष्टीपासून पेडण्यापर्यंत कोठेही जा, विजेची वेळ आणि खेळाची वेळ एकच आहे.

मैदान धोक्याचे का, याचे शास्त्र अवघड नाही. वीज जमिनीकडे झेपावते तेव्हा आसपासच्या उंच वस्तूंकडे तिचा ओढा असतो. सपाट मोकळ्या मैदानावर सर्वांत उंच वस्तू म्हणजे उभा माणूस. पण थेट अंगावर वीज पडून मरणारे फारच थोडे असतात, हे पुष्कळांना ठाऊक नसते. बहुतेकांना विजेचा स्पर्श दुसऱ्या मार्गांनी होतो. झाडावर किंवा खांबावर पडलेली वीज शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या अंगावर उडी घेते. किंवा जमिनीत शिरलेला प्रवाह चोहोकडे पसरतो आणि एका पायातून चढून दुसऱ्या पायातून उतरतो. दोन पावलांमधले अंतर जितके अधिक तितका हा धक्का मोठा. एका विजेने दावणीची चार-चार गुरे एकाच वेळी मरतात ती याचमुळे. त्यांच्या पुढच्या आणि मागच्या पायांत अंतर अधिक असते. मैदानावर अकरा-अकरा खेळाडूंपैकी एकाच्या जवळ वीज पडली आणि पाच-सहा जण एकदम कोसळले, अशा घटनांचा उलगडाही यातच आहे.

ज्या आडोशांवर आपण विश्वास टाकतो ते आडोसे मात्र बहुधा फसवे असतात. माडाखाली किंवा वडाखाली उभे राहणे म्हणजे विजेने निवडलेल्या जागी आपण होऊन जाऊन थांबणे होय. मैदानाच्या कडेला चार खांबांवर उभा केलेला पत्र्याचा मांडव, गवताची खोप, किनाऱ्यावरील झावळांचा शॅक, ताडपत्रीचा तंबू हे सारे पावसापासून वाचवतात, विजेपासून नाही. एकाच विजेच्या थेट आघाताने सर्वाधिक माणसे मेल्याची जी घटना जागतिक हवामान संघटनेने नोंदवली आहे ती १९७५ मधील, तत्कालीन ऱ्होडेशियातील, म्हणजे आजच्या झिम्बाब्वेतील. एका झोपडीत आश्रयाला जमलेली एकवीस माणसे त्या विजेने मारली. ४ ऑगस्ट २०२१ रोजी बांगलादेशात चापाइनवाबगंज जिल्ह्यात लग्नाचे वऱ्हाड होडीतून चालले असता वादळ आले म्हणून नदीकाठच्या एका शेडमध्ये थांबले. तेथे वीज पडून किमान सोळा जणांचा अंत झाला. दोन्ही ठिकाणी माणसे बेफिकीर नव्हती. ती आडोशाला गेली होती. आडोसा कशाला म्हणावे एवढेच त्यांना कोणी सांगितले नव्हते. खरा आडोसा दोनच प्रकारचा: चार भिंतींची, विजेची तारजोडणी आणि नळजोडणी असलेली पक्की इमारत, किंवा काचा वर केलेली, धातूच्या टपाची मोटार अथवा बस. मोटारीत बचाव होतो तो रबरी चाकांमुळे नव्हे, तर वीज बाहेरच्या पत्र्यावरून जमिनीत उतरून जाते म्हणून. मग रबरी तळव्याचे बूट घालणाऱ्या खेळाडूने आपण सुरक्षित आहोत असे मानणे किती भाबडेपणाचे आहे, हे निराळे सांगावयास नको.

समजुतींचा विषय निघालाच आहे तर आणखी थोडे लिहू. पायाळू माणसावर वीज पडते असे आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या म्हटले गेले. वीज कडाडली की अर्जुनाची नावे घ्यावीत असे आजीने सांगितलेले अनेकांना आठवत असेल. नावे अवश्य घ्यावीत. त्याने मनाला धीर येतो. पण ती घरात बसून घ्यावीत. माणूस जन्मताना डोक्याकडून आला की पायांकडून, याची वीज चौकशी करीत नाही. तो त्या घटकेला कोठे उभा आहे एवढेच ती पाहते. जुन्या समजुतींच्या जोडीला नव्याही आल्या आहेत. मोबाइल वीज ओढून घेतो ही त्यांतलीच एक; तिला आधार नाही. पण माणूस मोबाइल उंच धरून मनोऱ्याच्या टोकाशी उभा असेल तर वीज त्याला गाठते ती त्याच्या जागेमुळे. मैदानाच्या प्रकाशझोताच्या खांबांवर वीजनिवारक दांडा आहे, तेव्हा आम्हांला भीती नाही, असेही काही आयोजक सांगतात. असा दांडा ज्या वास्तूवर बसवलेला असतो त्या वास्तूचे रक्षण करतो. मधल्या मोकळ्या हिरवळीवर धावणाऱ्या पोरांना त्याचा भरवसा देता येत नाही.

तेव्हा ज्ञानाची उणीव हे अर्धेच कारण झाले. उरलेले अर्धे कारण माणसाच्या स्वभावात आहे, आणि आमच्या मते तेच अधिक महत्त्वाचे आहे. गावातील एका सामन्याची कल्पना करा. अंतिम फेरी आहे. दोन्ही वाड्यांतील माणसे मैदानाभोवती दाटीने उभी आहेत. ध्वनिक्षेपकावरून वर्णन चालू आहे. प्रमुख पाहुणे येऊन बसले आहेत, चषक टेबलावर मांडलेले आहेत. पूर्वेकडे आभाळ काळवंडले आहे आणि दूर कोठेतरी गडगडल्याचा आवाज येतो. प्रत्येकाने तो ऐकलेला असतो. प्रत्येकाच्या मनात क्षणभर पाल चुकचुकते. पण पंचाला वाटते, हे आयोजकांचे काम. आयोजकांना वाटते, पंच पाहून घेतील. हरत असलेल्या संघाने थांबा म्हटले तर तो पळपुटा ठरतो. जिंकत असलेल्याने म्हटले तर लबाड. प्रशिक्षकाला वाटते, आपल्या पोरांना भित्रे म्हणतील. प्रेक्षकांतील एखादा जाणता माणूस बोलू पाहतो, तर शेजारचा म्हणतो, 'अजून पावसाचा थेंबही नाही.' पाऊस सुरू झाला नसताना वीज दहा-पंधरा किलोमीटर पुढे येऊन पडू शकते, हे त्याला माहीत नसते. आणि असा तो खेळ पुढे चालू राहतो. कोणीही वाईट नसतो, कोणीही मूर्ख नसतो. फक्त थांबवण्याचे काम कोणाचेच नसते.

म्हणून आमची पहिली आणि मुख्य मागणी अशी आहे की हे काम कोणाचे ते आधीच ठरले पाहिजे. क्रिकेटच्या नियमावलीतील दुसऱ्या नियमानुसार मैदान, हवामान किंवा उजेड खेळास धोकादायक आहे की नाही हे ठरवण्याचा अधिकार केवळ दोन्ही पंचांचा आहे. फुटबॉलच्या नियमांतही सामना थांबवण्याचा अधिकार पंचाला आहे. पण मोठ्या सामन्यातील नामांकित पंच आणि वाडीतल्या स्पर्धेत शिट्टी घेऊन उभा राहिलेला गावचाच तरुण यांच्यात फरक आहे. त्या तरुणाला आपल्याच माणसांचा रोष पत्करण्याची ताकद नियमाने दिली पाहिजे. प्रत्येक स्पर्धेच्या आयोजकांनी सामना सुरू होण्यापूर्वी एका जबाबदार माणसाचे नाव ध्वनिक्षेपकावरून जाहीर करावे. आभाळावर लक्ष ठेवणे एवढेच त्याचे काम. त्याने हात वर केला की खेळ थांबला. त्यावर चर्चा नाही, मनधरणी नाही. तो संघांपैकी कोणाचा नातेवाईक नसावा आणि बक्षीस देणाऱ्यांपैकीही नसावा.

त्या माणसाला काही मोठी विद्या लागत नाही. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजावेत आणि तिनाने भागावेत. जो आकडा येईल तितके किलोमीटर वीज दूर आहे. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर वादळ दहा किलोमीटरांच्या आत आहे आणि पुढची वीज आपल्या मैदानावर पडू शकते. मोजण्याचाही गोंधळ नको असेल तर त्याहून सोपा नियम आहे: गडगडाट कानी आला की खेळ बंद, आणि शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटे लोटल्याशिवाय पुन्हा सुरू नाही. पाऊस उघडला, ऊन पडले, तरीही नाही. कारण मावळत्या वादळाची शेवटची वीजही पहिल्या विजेइतकीच घातक असते. याशिवाय आता हाती साधनेही आहेत. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या पुढाकाराने तयार झालेले 'दामिनी' हे मोबाइलवरील ॲप आपल्या भोवतीच्या वीस ते चाळीस किलोमीटर परिसरातील विजेचा इशारा मराठीसह अनेक भाषांत देते. हवामान खातेही पुढील काही तासांचे इशारे वेळोवेळी प्रसिद्ध करते. ज्या आयोजकांपाशी धावफलक मोबाइलवर दाखवण्याइतके तंत्रज्ञान आहे त्यांनी त्याच मोबाइलवर वीजही पाहावी, एवढे सांगणे जड वाटू नये.

दुसरी मागणी अशी की माणसे कोठे जाणार हेही आधीच ठरलेले असावे. चिल्का येथील दुर्घटनेचा धडा हाच आहे. जवळची शाळा, पंचायतीची इमारत, समाजगृह, किंवा संघांना घेऊन आलेल्या बसगाड्या, यांतील काय उपलब्ध आहे आणि तेथवर पोचावयास किती मिनिटे लागतात याचा हिशेब करूनच खेळ कधी थांबवावयाचा ते ठरवता येते. मैदानापासून पक्की इमारत दहा मिनिटांवर असेल, तर निर्णयही तितकाच आधी घ्यावयास हवा. शाळेची दारे त्या दिवशी उघडी ठेवण्याची व्यवस्था करणे हा स्पर्धेच्या तयारीचाच भाग मानला पाहिजे.

तिसरी मागणी शासनाकडे आणि क्रीडासंस्थांकडे आहे. मैदान वापरण्यासाठी, ध्वनिक्षेपकासाठी, मांडवासाठी आयोजकांना पंचायतीपासून पोलिसांपर्यंत परवाने घ्यावे लागतात. त्या परवान्यांत एक अट वाढवण्यास कायदा बदलावा लागणार नाही: विजेच्या वेळी खेळ थांबवणाऱ्या व्यक्तीचे नाव आणि आश्रयाच्या जागेचे नाव अर्जात लिहिलेले असावे. गोवा क्रीडा प्राधिकरण, गोवा फुटबॉल संघटना आणि गोवा क्रिकेट संघटना यांनी आपल्या सर्व स्पर्धांसाठी, विशेषतः मुलांच्या स्पर्धांसाठी, तीस मिनिटांचा नियम लेखी करावा. त्याबरोबरच विजेमुळे अपुऱ्या राहिलेल्या सामन्याचे पुढे काय, हेही स्पष्ट लिहावे. थांबल्यामुळे कोणत्याही संघाचे नुकसान होणार नाही अशी खात्री असली म्हणजे थांबण्यास कोणी कुरकुर करणार नाही. शक्य तेथे मे आणि ऑक्टोबरमधील सामने सकाळच्या वेळी ठेवले तर निम्मा प्रश्न आपोआप सुटेल. ओडिशा राज्याने २०१५ मध्येच विजेला राज्याच्या आपत्तींच्या यादीत स्थान दिले. आमच्या शेजारच्या राज्यांनी आणि आम्ही तिच्याकडे तितक्याच गांभीर्याने पाहिले पाहिजे.

किनाऱ्यांविषयी तर अधिकच दक्षता हवी. येथे येणारा पाहुणा आमच्या आभाळाची भाषा जाणत नाही. सह्याद्रीवरून काळा ढग उतरताना दिसला की रापणकार आपली होडी ओढून घेतो. पण कोठून तरी दूरवरून समुद्र पाहावयास आलेल्या कुटुंबाला तोच ढग छायाचित्रासाठी सुंदर पार्श्वभूमी वाटतो. पोहण्याच्या धोक्यासाठी किनाऱ्यावर लाल बावटा लागतो हे आता सर्वांना समजते. विजेसाठीही भोंगा आणि ध्वनिक्षेपकावरून पाच-सहा भाषांत एक वाक्य, एवढी सोय करता येणार नाही काय? भोंगा झाला की पाण्यातून बाहेर, वाळूवरून दूर, पक्क्या इमारतीत किंवा मोटारीत. जलक्रीडेच्या होड्याही त्याच क्षणी किनाऱ्याला लागल्या पाहिजेत. हॉटेलवाल्यांनी आपली दारे अशा वेळी गिऱ्हाईक आणि परका असा भेद न करता उघडी ठेवावीत. 'अतिथी' या शब्दाचा आम्ही एरवी पुष्कळ उच्चार करतो, त्याची ही साधी कसोटी आहे. सड्यांवर आणि घाटात भटकंतीला जाणाऱ्या तरुणांच्या मंडळांनीही दुपारनंतर माथ्यावर न राहण्याचा दंडक घालून घ्यावा. उघड्यावर सापडलेच तर माथा सोडावा, एकट्या झाडापासून आणि पाण्यापासून दूर व्हावे आणि एकमेकांत अंतर ठेवून सखल भागाकडे चालू लागावे. मात्र हा नाइलाजाचा उपाय आहे, सुरक्षिततेचा नव्हे, हे विसरू नये.

एवढे करूनही दुर्घटना घडलीच तर काय? विजेने पडलेल्या माणसाच्या अंगात वीज राहते, त्याला हात लावू नये, ही समजूत अनेकांचे प्राण घेणारी आहे. त्याच्या अंगात वीज राहत नाही. त्याला ताबडतोब हात लावावा. विजेच्या धक्क्याने हृदय आणि श्वास बंद पडतो. हृदय पुष्कळदा आपण होऊन पुन्हा चालू होते, पण श्वास लवकर परत येत नाही, आणि त्या अवधीत मदत मिळाली नाही तर हृदय पुन्हा बंद पडते. म्हणून एकाच वेळी अनेक जण पडले असतील तर कण्हणाऱ्यांकडे नव्हे, तर निपचित पडलेल्याकडे आधी धावावे. इतर अपघातांत जो मेल्यासारखा दिसतो त्याच्यासाठी फारसे करण्याजोगे नसते; येथे वाचण्याची सर्वांत अधिक संधी त्यालाच मदतीने मिळते. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि ती येईपर्यंत छातीवर दाब देणे व कृत्रिम श्वास चालू ठेवावा. देशात काही ठिकाणी अशा माणसाला शेणात पुरून ठेवतात. त्यात जीव वाचवण्याची मिनिटे मात्र वाया जातात. वादळ डोक्यावर असेल तर मदत करणाऱ्यांनी जखमीला उचलून आधी आडोशाला न्यावे. ही रीत प्रत्येक शाळेच्या शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकाला आणि प्रत्येक संघाच्या व्यवस्थापकाला हातांनी करून दाखवता आली पाहिजे.

या सर्व सूचनांवर एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो अगदीच पोकळ नाही. गडगडाट ऐकला की खेळ बंद करावयाचा, तर आमच्या ऑक्टोबरमध्ये खेळ होणार तरी किती? आयोजकांनी वर्गणी गोळा करून मैदान सजवलेले असते, दुरून संघ बोलावलेले असतात, प्रकाशझोतांचे भाडे तासावर असते. ही अडचण आम्ही कमी लेखीत नाही. पण पावसामुळे मैदानात चिखल झाला तर आपण सामना पुढे ढकलतोच की नाही? उजेड कमी झाला तर क्रिकेट थांबतेच की नाही? चेंडू दिसत नाही म्हणून थांबण्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. मग जीव जाईल म्हणून थांबण्यात तो का वाटावा? खर्चाचेच बोलावयाचे तर एका तरुण मुलाचा मृत्यू ही अशी बाब आहे की तिच्यापुढे भाड्याचा आकडा उच्चारण्यास कोणताही आयोजक धजणार नाही. तो आकडा आदल्या दिवशीच बाजूला ठेवावा, एवढीच आमची विनंती आहे.

या नियमाचा लाभ मैदानापुरताच राहणार नाही, असा आम्हांला विश्वास आहे. ज्या मुलाने शाळेच्या मैदानावर गडगडाट ऐकताच बॅट खाली ठेवून वर्गात जाण्याची शिस्त दहा वर्षे पाळली, तो उद्या आपल्या शेतात नांगर सोडून घरी येईल, बापाला माडाखालून ओढून आणील, होडीवरच्या सोबत्यांना परत फिरण्यास सांगेल. खेळाने शिस्त शिकवावी असे आपण नेहमी म्हणतो. पराभव खिलाडूवृत्तीने पत्करावा, पंचाचा निर्णय मानावा, हे त्या शिस्तीचे पाठ आहेत. आपल्याहून कितीतरी बलाढ्य असलेल्या निसर्गापुढे अर्धा तास नम्रपणे थांबावे, हाही त्यांतलाच एक पाठ मानावा.

वैशाखातील वळीव आणि परतीचा पाऊस दर वर्षी ठरल्याप्रमाणे येत राहणार. घाटमाथ्यावरून ढग उतरणार, आणि ते उतरत असताना कोठेतरी एक सामना रंगात आलेला असणार. त्या वेळी 'थांबा' हा शब्द कोणी उच्चारावयाचा, एवढे जरी प्रत्येक गावाने आणि प्रत्येक संघाने हंगामाच्या पहिल्या दिवशी ठरवून ठेवले, तरी पुष्कळ घरांतील दिवे विझावयाचे राहतील. चषक दुसऱ्या दिवशीही जिंकता येतो.